गावकीपासून ‘आविष्कार’पर्यंत : राज्यशास्त्रातले पहिले संशोधन कसे करावे

पदवीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात राज्यशास्त्र शिकणाऱ्या आणि संशोधन स्पर्धेत पहिल्यांदाच उतरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. मी कोकण किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावी हा विषय शिकवते. आपल्याकडची मुले हुशार असतात, गावचे राजकारण त्यांना लहानपणापासून ठाऊक असते, तरीही त्यांचे प्रकल्प पहिल्याच फेरीत मागे पडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याची कारणे सांगता येण्यासारखी आहेत आणि टाळता येण्यासारखीही आहेत.

आधी स्पर्धेविषयी थोडेसे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांसाठी राज्यपालांच्या, म्हणजे कुलपतींच्या, कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा घेतली जाते. तिच्यात विषयांचे सहा गट असतात आणि राज्यशास्त्र मानव्यविद्या, भाषा व ललितकला या गटात येते. पदवीचे विद्यार्थी, पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यापुढचे संशोधक यांचे स्तर वेगळे असल्यामुळे तुमची तुलना तुमच्याच बरोबरीच्या विद्यार्थ्यांशी होते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली बहुतेक कला महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत, त्यामुळे आपला मार्ग महाविद्यालयातून विभागाच्या फेरीत, तिथून विद्यापीठाच्या आणि मग राज्याच्या फेरीत जातो. नियमांचे बारकावे दरवर्षी बदलू शकतात, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक महाविद्यालयाच्या समन्वयकांकडून घेऊन स्वतः वाचावे, सांगोवांगीवर विसंबू नये.

पहिली पायरी : ज्याचे उत्तर चुकू शकेल असा प्रश्न

मी पहिल्यांदा मार्गदर्शन केले त्या वर्षी आमच्या विद्यार्थ्यांनी ‘कोकणाचा विकास आणि राजकारण’ असा विषय घेतला होता, आणि तो मीच मंजूर केला होता. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला : “तुमचे म्हणणे चुकीचे असते, तर तुम्हाला काय वेगळे दिसले असते?” मुलांकडे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. तेव्हापासून प्रत्येक विषयाला मी आधी हाच प्रश्न लावते आणि तुम्हीही तो लावावा. ज्या विधानाच्या विरुद्ध काहीच सापडू शकत नाही ते भाषणात शोभते, संशोधनात त्याचा उपयोग होत नाही.

आपल्या भागात मोठ्या विषयांची कमी नाही. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प, पर्ससीन जाळ्यांवरून पारंपरिक मच्छीमारांनी केलेला संघर्ष, सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१, २०११ आणि २०१९ च्या अधिसूचना, यांपैकी कोणताही विषय आयुष्यभराच्या अभ्यासाला पुरेल. पण पदवीच्या विद्यार्थ्याच्या हाती सात-आठ महिने, एसटीचा पास आणि एक वही एवढेच असते, म्हणून विषय तिथपर्यंत आणावा लागतो. ‘नाणार प्रकल्पाचा राजकीय परिणाम’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. ‘भूसंपादनाची अधिसूचना निघाली त्या २०१७ पासून ती रद्द झाली त्या २०१९ पर्यंत संबंधित ग्रामसभांच्या ठरावांत विरोधाची कोणती कारणे नोंदवली गेली, आणि ती कालांतराने बदलली का?’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर कागदांत शोधता येते आणि कारणे बदललीच नाहीत असेही ते निघू शकते.

पुढचे सारे एका उदाहरणाच्या आधारे सांगते, म्हणजे पायऱ्या हवेत राहणार नाहीत. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या जोडीला गावकी, म्हणजे गावकऱ्यांची पारंपरिक बैठक, असते. शिमग्याच्या किंवा गणपतीच्या आधी देवळाच्या सभामंडपात मानकरी, वाडीप्रमुख आणि मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचे प्रतिनिधी बसतात. पालखी कोणत्या वाटेने न्यायची हे तिथे ठरते, आणि त्याच बैठकीत पाखाडी (पायऱ्यांची वाट) कुठून काढायची, साकव (छोटा पूल) कोणत्या वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, हवा, स्मशानाचा रस्ता कोणाच्या जमिनीतून जाणार, हेही बोलले जाते. हेच विषय पुढे ग्रामसभेत ठराव म्हणून येतात. गावात सगळे म्हणतात की ठरते गावकीत, ग्रामसभेत नुसती नोंद होते. हे ‘सगळे म्हणतात’ तपासण्यासारखे आहे. त्यावरून प्रश्न असा बांधता येतो : गावकीत आधी चर्चा झालेले विषय आणि न झालेले विषय यांच्यावर ग्रामसभेत होणाऱ्या चर्चेत फरक पडतो का? फरक पडत नाही असे निघाले तरी ते मोलाचे उत्तर ठरेल, कारण मग गावकीविषयीची आपली समजूतच पुन्हा तपासावी लागेल.

ज्यांना प्रकृतीमुळे किंवा घरच्या जबाबदारीमुळे गावोगाव फिरणे जमणार नाही, त्यांनी कागदपत्रांवरचा विषय घ्यावा, त्यात काहीही उणे नाही. बॅरिस्टर नाथ पै राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून लोकसभेत होते. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असे सांगणाऱ्या गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी १९६७ मध्ये त्यांनी खासगी विधेयक मांडले. लोकसभेतील चर्चांचे वृत्तांत आज घरबसल्या वाचता येतात, त्यामुळे त्या विधेयकाच्या बाजूने आणि विरोधात कोणते युक्तिवाद झाले याचे वर्गीकरण हा उत्तम पदवी प्रकल्प होऊ शकतो. खोती, म्हणजे खोतांमार्फत शेतसारा वसूल करण्याची कोकणातली पद्धत, नष्ट करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळात मांडलेल्या विधेयकाबद्दलही हेच म्हणता येईल.

दुसरी पायरी : आधीचे वाचन, पण मोजके

शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध पाहायला मिळतात, आणि त्यांत मराठी प्रबंधही आहेत. आपल्या विषयाजवळचे दोन-तीन प्रबंध, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तले चार-पाच लेख आणि जिल्ह्याचे गॅझेटियर एवढे वाचून झाले की पुढे जावे. वाचताना प्रत्येक लेखासाठी तीनच ओळी लिहाव्यात : त्याचा प्रश्न काय होता, पुरावा कोणता होता, आणि तो आपल्या गावांना लागू का पडणार नाही. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्यातूनच आपल्या प्रकल्पाचे कारण सापडते.

तिसरी पायरी : शब्दाचे मोजमाप

आपल्या प्रश्नात ‘चर्चा’ हा शब्द आहे. चर्चा झाली हे ओळखायचे कशावरून? इतिवृत्तात नोंदलेल्या हरकती, ठरावाच्या मजकुरात सुचवलेले बदल, सूचक-अनुमोदकांखेरीज बोललेल्या व्यक्तींची नावे आणि मतदान घ्यावे लागले का, या चार खुणा ठरवता येतात. ज्या ठरावापुढे नुसते ‘सर्वानुमते मंजूर’ असते, त्यात यांपैकी एकही खूण सापडत नाही. खुणा ठरवून झाल्या की त्या एका पानावर लिहून काढाव्यात, आणि जोडीदाराने व तुम्ही तेच वीस ठराव स्वतंत्रपणे, एकमेकांचे न पाहता, तपासून निकाल ताडून पाहावा. तुमचे पाच-सहा ठिकाणी पटले नाही, तर व्याख्या अजून ढिली आहे असे समजावे. ही तपासणी एका दुपारीत होते, तरीही ती केलेले पदवी प्रकल्प मी फार थोडे पाहिले आहेत, आणि परीक्षकांच्या नजरेत ती लगेच भरते.

चौथी पायरी : गावे कशी निवडावीत

स्वतःचे एकच गाव घेऊ नये. तिथे दारे उघडी असतात हे खरे, पण तुलना नसते आणि तुमच्या घराण्याची बाजू गावाला ठाऊक असते. पदवीच्या कामाला चार गावे पुरतात, मात्र ती का निवडली हे सांगता आले पाहिजे. आपल्याकडे अनेक ठिकाणी दोन-तीन महसुली गावांची मिळून गट ग्रामपंचायत असते आणि वाड्या डोंगराच्या दोन अंगांना पसरलेल्या असतात. अशा दोन ग्रामपंचायती आणि एकाच गावाच्या दोन, अशी जोडी लावली तर अंतराचा परिणामही पाहता येतो.

सरपंचपदाचे आरक्षण हा निवडीचा दुसरा चांगला निकष आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्मे झाले. कोणत्या गावाचे पद आरक्षित होणार हे गावाच्या इच्छेवर अवलंबून नसते, त्यामुळे आरक्षित आणि अनारक्षित गावांची तुलना बरीच विश्वासार्ह ठरते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला पश्चिम बंगाल व राजस्थानातील २६५ ग्रामपंचायतींचा अभ्यास याच तत्त्वावर उभा आहे. महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक भर दिल्याचे त्यांना दोन्ही राज्यांत आढळले. तुम्हाला एवढा व्याप झेपणार नाही, पण निवडीमागची त्यांची युक्ती समजून घ्यावी. एक सावधगिरी मात्र बाळगावी : आपल्या राज्यात सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. तुमच्या अभ्यासाच्या वर्षांत एखाद्या गावात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी सरपंच आलेले असतील, तर ते स्पष्ट नोंदवावे.

पाचवी पायरी : दप्तर

आपल्या कामाचा कणा म्हणजे ग्रामसभेचे इतिवृत्त आणि उपस्थितीची नोंद. ती मागण्यापूर्वी कायदा वाचून जावे. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते, आणि गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर लागतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. ज्या गावातली निम्मी नावे मतदारयादीत इथे आणि माणसे परळ-नालासोपाऱ्याला असतात, तिथे या शेवटच्या तरतुदीचा अर्थ केवढा आहे हे तुमच्या लक्षात येईल. म्हणून प्रत्येक ठरावापुढे तो मूळ सभेतला की तहकूब सभेतला याचा रकाना ठेवावा.

इतिवृत्ताची वही हातात आली की लगेच मजकूर उतरवायला बसू नये. ती आधी नुसती पाहावी. माझ्यासोबत आलेल्या एका विद्यार्थिनीने अशीच एक वही खिडकीशी धरली, तेव्हा तिला दिसले की सभेच्या मजकुराची शाई निळी आहे आणि शेवटच्या ठरावातल्या चार ओळी काळ्या शाईने, दोन ओळींच्या जागेत दाटीने लिहिलेल्या आहेत. खाली सह्यांची रांग होती, तिच्यात सात अंगठे होते आणि सातही पानाच्या उजव्या कडेला एकाखाली एक उमटलेले होते. यावरून गैरव्यवहार झाला असे म्हणता येत नाही, कारण लिहिणाऱ्याचे पेन संपले असेल, किंवा त्या बायका एकत्र येऊन एकत्रच बसल्या असतील. पण वही सभेत लिहिली गेली की नंतर, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि मुलाखतीत विचारायला एक नेमकी गोष्ट मिळाली. अशा खुणा तारीख व पान क्रमांकासह टिपून ठेवाव्यात, निष्कर्ष मागाहून काढावा.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी भेटून, महाविद्यालयाचे पत्र देऊन विनंती करावी. बहुतेक ठिकाणी एवढ्याने काम होते. नाही झाले, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, एका अर्जात एकच विषय घ्यावा लागतो आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा लागतो. छायाप्रतींसाठी पानामागे २ रुपये पडतात, पण दप्तर प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क आहे, आणि पाच वर्षांच्या वह्यांसाठी तोच स्वस्त व उपयोगी. उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्यामुळे अर्ज प्रकल्पाच्या सुरुवातीलाच करावा. ग्रामपंचायतींचे आराखडे व खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मिळतात, आणि विधानसभा-लोकसभेचे मतदान केंद्रनिहाय आकडे हवे असतील तर ते निवडणूक आयोगाच्या नमुना २० मध्ये असतात.

सहावी पायरी : मुलाखती

कागद काय लिहिले गेले ते सांगतो, काय लिहिले गेले नाही ते माणसे सांगतात. गावामागे आठ-दहा मुलाखती पुरतात, पण त्या एकाच वाडीतल्या नसाव्यात. देवळाजवळच्या वाडीतल्या लोकांना गावकी म्हणजे गाव वाटते, आणि बौद्धवाडीत किंवा धनगरवाड्यावर तोच प्रश्न विचारला तर गावकीला आपल्याला बोलावतच नाहीत असे उत्तर मिळू शकते. ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवल्यावरच तुमचा प्रश्न राज्यशास्त्राचा होतो, कारण निर्णय कोण घेतो याच्याइतकेच निर्णयाच्या बैठकीत कोणाला जागा नाही हेही सत्तेचेच वर्णन आहे.

प्रश्न घटनेबद्दल विचारावा, मताबद्दल नंतर. “ग्रामसभेत लोकशाही आहे का?” असे विचारले की माणूस होय म्हणून मोकळा होतो. “साकवाचा विषय पहिल्यांदा कुठे निघाला? तेव्हा कोण कोण होते? तुम्ही कुठे बसला होतात?” असे विचारले की तो आठवू लागतो. भाषा त्यांची असावी. मालवणी किंवा संगमेश्वरी येत असेल तर तीच बोलावी, आणि टिपताना त्यांचे शब्द प्रमाण मराठीत बदलू नयेत.

एका माजी सरपंचबाईंच्या पडवीत आम्ही बसलो होतो. प्रश्न बाईंना विचारला की उत्तर झोपाळ्यावर बसलेले त्यांचे यजमान देत होते, तेही मोठ्या आपुलकीने. विद्यार्थिनीने वाद घातला नाही. तिने वही मिटली आणि “काकी, परसातली विहीर ग्रामपंचायतीच्या काळातली काय?” असे विचारले. काकी उठल्या, विहीर दाखवायला मागच्या दारी गेल्या, आणि रहाटाशी उभ्या राहून पुढचा पाऊण तास त्याच बोलल्या. टिपणात मात्र दोन्ही गोष्टी नोंदवायला हव्यात : पडवीत कोण बोलले आणि विहिरीशी कोण बोलले. तोही पुरावाच आहे.

मुलाखतीआधी आपण कोण, कशासाठी आलो, नाव छापणार नाही, आणि मध्येच थांबायचा हक्क आहे, हे सांगून संमती घ्यावी. ध्वनिमुद्रण विचारूनच करावे. लहान गावात ‘एक माजी सरपंच, महिला’ एवढ्यानेही माणूस ओळखू येतो, म्हणून अहवालात गावांना क, ख, ग, घ अशी अक्षरे द्यावीत आणि खरी नावे फक्त मार्गदर्शकांकडे ठेवावीत. त्या माणसांना तुमच्यानंतरही त्याच गावात राहायचे असते. या बाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही.

वेळापत्रक गावाच्या सवडीने आखावे. लावणीच्या दिवसांत आणि गणपतीत कोणाकडे जाऊ नये. दप्तराचे काम पावसाळ्यात उरकावे, मुलाखती भातकापणी आटोपल्यावर घ्याव्यात, आणि मुंबईच्या मंडळींना गाठायचे असेल तर ती गावी येतात ते मे महिन्याचे दिवस आधीच्या वर्षीच वापरावेत.

सातवी पायरी : निष्कर्ष

चार गावांतले ऐंशी ठराव तपासून ‘कोकणात गावकीच राज्य करते’ असे लिहू नये. ‘पाहिलेल्या ऐंशी ठरावांपैकी इतके’ असे लिहावे, आणि संख्या लहान असेल तिथे टक्केवारीबरोबर मूळ आकडाही द्यावा, कारण पाचपैकी चारांना ८० टक्के म्हटले की वाचणाऱ्याचा गैरसमज होतो. त्यानंतर आपल्याच निष्कर्षाला पर्यायी कारण शोधावे. गावकीत चर्चा झालेले विषय ग्रामसभेत मुकाट मंजूर होत असतील, तर ते मुळातच बिनवादाचे असतील का? हे तपासण्यासाठी ज्या विषयांत जमीन कोणाची तरी जाणार होती असे ठराव वेगळे काढून पाहावेत. ते तिथेही मुकाट मंजूर झाले असतील तर तुमचे म्हणणे बळकट होते, नसतील तर ते सुधारून लिहावे लागते. माझ्या अनुभवात बक्षीस मिळवणाऱ्या आणि न मिळवणाऱ्या प्रकल्पांतला सर्वांत मोठा फरक अहवालातल्या पर्यायी कारणाच्या या एका परिच्छेदात असतो.

आठवी पायरी : मांडणी

भित्तिपत्रकावर प्रश्न सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत आणि एका वाक्यात असावा. त्याखाली गावांची निवड, चार खुणांचा तक्ता, एक आलेख आणि निष्कर्ष एवढेच घ्यावे. सूर्यास्ताचे, माडांचे आणि नेत्यांचे फोटो काढून टाकावेत. सादरीकरण मराठीत करायची मुभा असेल तर निःसंकोच मराठीतच करावे, पण ते पाठ करू नये, कारण परीक्षक मध्येच थांबवतात. ही गावे का, तुमच्या व्याख्येने काय निसटले, दुसऱ्याने हेच काम केले तर हेच उत्तर येईल का, आणि यात तुमचे स्वतःचे काय आहे, या चार प्रश्नांची उत्तरे वर्गमित्रांसमोर तोंडी देऊन पाहावीत. निसटलेली गोष्ट विचारली तर ती सरळ मान्य करावी. त्याने गुण जात नाहीत.

स्पर्धा संपल्यावर अहवालाची एक प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीला द्यावी आणि ती मिळाल्याची तारखेसह पोच घ्यावी. मुलाखती दिलेल्यांना निष्कर्ष तोंडी सांगून यावे, आणि त्यांनी काढलेली चूक प्रतीच्या शेवटी त्यांच्या शब्दांत जोडावी. चार खुणांचा तक्ता, ठरावांची यादी आणि रकान्यांची कोरी प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्याच खुणांनी पाचवे गाव तपासू शकेल.